गोलरेषेवरचा चुना

मी, उखर्डू लोटन तायडे, वय अडुसष्ट, मूळ राहणार असोदा, हल्ली मुक्काम पिंप्राळा, जळगाव, पूर्वी फुटबॉल मैदानावरचा माळी आणि आता नुसताच म्हातारा, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाशिवाय, पुरत्या शुद्धीत, स्वहस्ते लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं शेजारचे वाल्मीकभाऊ निकम सांगतात. ते कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले. कायद्याचे शब्द त्यांचे, बाकीचे माझे. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. तसं करण्यासारखं काही नव्हतंही.

कलम पहिले, देहाबद्दल. विहारातल्या भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील म्हणावं, तेवढं पुरे. गोडजेवण, पत्रिका, भाषणं नकोत. क्लबच्या समारंभात खुर्च्या लावता लावता मी जन्माला पुरतील एवढी भाषणं ऐकली आहेत. राख मैदानावर नेऊन टाकू, असं कोणाला सुचलं तर त्याला अडवावं. तिथे आता कापसाच्या गाड्या उभ्या राहतात.

कलम दुसरे. माझा मुलगा जीवराम सुरतेला असतो. पोस्टातली शिल्लक, त्याच्या आईची, म्हणजे कै. द्रौपदाबाईची, पितळेची भांडी आणि शिवणाचं मशीन त्याला द्यावं. पिंप्राळ्याचं घर मी त्याला देत नाही. जीवराम, तू चिडशील. तुझं मन तिकडेच रमलं आहे, हे घर तू विकणार, आणि त्यात तुझी काही चूक नाही. पण घर कोणाला आणि का देतो ते कलम चारमध्ये नीट वाच आणि मग चीड. तोवर आपल्या आईसारखा धीर धर.

कलम तिसरे, हत्यारं. रेघा आखायची दोरी आणि खुंट्या असोद्याच्या शाळेला द्याव्यात, पोरांना कबड्डीला होतील. विळा वाल्मीकभाऊंना, कारण तो वर्षभर त्यांच्याकडेच आहे. खुरपी क्लबचे सेक्रेटरी बन्सीलाल शेठ यांना सन्मानपूर्वक पोचवावी. शेठ अकरा महिने मैदानावर येत होते, पण एकदाही खाली वाकून गवत पाहिलं नाही. संघाचा फोटो निघाला तेव्हा ड्रायव्हर होता, शेठचा मेहुणा होता, मला मात्र म्हणाले, "उखर्डू, तू बाजूला हो, सावली पडतेय." तो राग मी आजवर सांभाळून ठेवला होता. आता ठेवायला जागा नाही म्हणून तोही खुरपीबरोबर परत करतो.

क्लबचं नाव तापी स्पोर्टिंग. आता कोणाला आठवत नाही म्हणून लिहितो की शहाण्णव-सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात आमचा जळगावचा संघ देशाच्या लीगमध्ये खेळला. दहा संघ, अठरा सामने. गोव्याची, केरळची, बंगालची पगारी पोरं पिंप्राळ्यात भाड्याने राहायची आणि शेवभाजी खाऊन डोळ्यांतून पाणी काढायची. आपल्या खान्देशातला एकच होता, गोलकीपर गुलाब अहिरे, धुळ्याचा. अंगाने काटक, हात सुपाएवढे. मला आबा म्हणायचा.

मैदान काळ्या मातीचं. उन्हाने भेगा पडायच्या, एकदा पाहुण्या कप्तानाने मनगटापर्यंत हात आत घालून पंचांना दाखवला. मी मुरूम टाकला, हरळी लावली, टँकरच्या मागे धावलो. तरी हरलो की मैदान वाईट, जिंकलो की पोरं चांगली. अशाने माणूस थकतो. मी त्या हंगामात जेवढा थकलो तेवढा आधीच्या साठ वर्षांत थकलो नव्हतो.

कलम चौथे. माझं स्वकष्टार्जित घर, दोन खोल्या आणि पुढची पत्र्याची पडवी, हे गुलाब सुकलाल अहिरे, राहणार धुळे, यास द्यावं. कारण पुढीलप्रमाणे आहे आणि ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

शेवटचा सामना होळीच्या आधीच्या रविवारी आमच्याच मैदानावर होता. बरोबरी झाली असती तरी आम्ही लीगमध्ये राहिलो असतो. हरलो तर बाहेर. मुंबईचे फोटोवाले येणार होते. सकाळी शेठ म्हणाले, "रेघा मळकट दिसतात, फोटोत काय येणार?" रेघांना आपण फक्की मारतो, ती पांढरी भुकटी, डोळ्यात गेली तरी फार तर चुरचुरते. माझ्याकडे फक्की अर्धं पोतं उरली होती. शेजारच्या बांधकामावर कळीचा चुना पडला होता. तो मी कुटून, चाळून, कोरडाच फक्कीत मिसळला. मैदानावर कोरडा चुना वापरू नये, माणूस भाजतो, डोळ्यात गेला तर लगेच पाण्याने धुवावा, हे मी स्वतः तीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो होतो. पण रेघा अशा झळकल्या की मीच लांब उभा राहून पाहत बसलो. शेठने पहिल्यांदा पाठ थोपटली. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

सामना संपायला दहा मिनिटं होती, एक-एक बरोबरी. गोलच्या तोंडावर घोळका झाला आणि गुलाबने बरोबर गोलरेषेवर तोंडघशी उडी मारून चेंडू बाहेर काढला. चार जणांचे बूट त्या रेघेत घासले. उठला तो उजव्या डोळ्यावर हात दाबून. मी गोलमागेच उभा होतो.

"आबा, डोयामा काही गयं. आग व्हई राह्यनी," तो म्हणाला.

मला त्याच क्षणी कळलं. आणि मी त्याच्याच बोलीत म्हणालो, "काही नही रे. फक्की शे ती. पुसी टाक."

त्याने बाहीने पुसलं. म्हणजे चोळलं. कॉर्नर आला, चेंडू त्याच्या उजव्या बाजूने आत गेला आणि तो डावीकडे पाहत होता. आम्ही एक-दोनने हरलो. चार विजय, पाच बरोबरी, नऊ पराभव, संपला हंगाम. वर्षभरात क्लबही गुंडाळला.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, चुना गेला होता का? गुलाब म्हणाला, नाही, फक्की, आबांनी सांगितलं. माझ्या शब्दावर त्याचा इतका विश्वास होता. डोळा गेला. आणि त्याआधी नाव गेलं, कारण सामन्याच्या संध्याकाळपासून जो तो म्हणू लागला की गुलाबने मॅच विकली, डोळ्याचं नाटक आहे. शेठही म्हणाले. मी तिथेच उभा होतो, रोलर पुसत. माझं तोंड उघडलं नाही.

अडीच वर्षं झाली. गुलाब आता धुळ्यात एका वखारीत लाकडं मोजतो. महिन्यातून एका रविवारी गाडी धरून मला भेटायला येतो, गुडघ्याला तेल आणतो, दाढी करून देतो. माझा मुलगा येत नाही, हा येतो. गेल्या खेपेला सांगत होता, "मनी पोर शाळामाईन रडत येस, आबा. पोरं तिले इकाऊनी पोर म्हनतस." विकाऊची पोर. मी तेव्हाही गप्प बसलो. दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या शीलापाशी माझा आवाज खाली जातो. शेजारी बसणाऱ्या सुमनबाईंना वाटतं मला दम्याचा त्रास आहे.

मला भीती तुरुंगाची नव्हती. तो यायचा बंद होईल, एवढीच होती. म्हणून मेल्यावर त्याला कळावं आणि घर मिळावं, असं ठरवून हे लिहायला घेतलं.

पुरवणी, आज तारखेचीच. वरचा मजकूर मी वाल्मीकभाऊंना वाचायला दिला. त्यांनी वाचून चष्मा काढला. मग म्हणाले, "आबा, कागद कायद्याने पक्का आहे. पण मेल्यावर सांगणार? मग त्याने भांडायचं कोणाशी? तुमच्या फोटोशी?"

मी म्हणालो, "तो मला टाकून जाईल."

"जाऊ द्या की. तेवढा तर त्याला हक्क द्या. घर देताय, हक्क देत नाही?"

आज रविवार, गुलाब दुपारी येणारच होता. तेलाची बाटली त्याने खिडकीत ठेवली आणि खाली बसला. मी त्याला कलम चार वाचून दाखवलं, माझ्याच तोंडाने, एकही शब्द न गाळता. वाल्मीकभाऊ आणि सुमनबाई समोर होते. मला रडू आलं, पण मी थांबलो नाही.

गुलाब एका डोळ्याने जमिनीकडे पाहत होता. वाचून झाल्यावर त्याने एकच विचारलं.

"त्या वखतले पानीना नय कोठे व्हता, आबा?"

मी म्हणालो, "नळ गोलमागेच होता. माझ्यापासून दोन पावलांवर."

त्याने मान हलवली. शिवी दिली असती तर मी सुखाने ऐकली असती. तो उठला, चप्पल घातली आणि दारात पाठमोरा उभा राहून म्हणाला, "घर तुमनं तुमलेच ऱ्हाऊ द्या. माले मनं नाव पाहिजे. धुयाले या. मनी पोरनी शाळा जठे शे, तठला चौकमा उभं ऱ्हाईसन बठ्ठासले सांगा."

पोरीच्या शाळेच्या चौकात, सगळ्यांना. परत केव्हा येईन हे तो बोलला नाही. दर वेळी बोलतो.

तरी कलम चार कायम आहे. घर त्याचंच. त्याने नाहीच घेतलं, तर त्याच्या मुलीच्या नावावर व्हावं. माझ्या वतीने हे सगळं पार पाडायचं काम वाल्मीकभाऊंनी पत्करलं आहे. मात्र कलम चारमधला कबुलीचा मजकूर माझ्या मरणापर्यंत झाकून ठेवू नये. त्याच्या नकला आज वाल्मीकभाऊंनी काढल्या आहेत, एक बन्सीलाल शेठना, एक वर्तमानपत्राला. तिसरी मी खिशात ठेवली आहे. तोंड पुन्हा मिटलं तर ती वाचून दाखवीन.

वरील सर्व मी लिहिलं, वाचलं, मला समजलं, आणि त्यावर साक्षीदारांसमक्ष सही करतो. साक्षीदारांनी माझ्यासमक्ष केली.

सही: उखर्डू लोटन तायडे

साक्षीदार:
१. वाल्मीक दगडू निकम, निवृत्त कारकून, पिंप्राळा
२. सुमनबाई भिका इंगळे, पिंप्राळा (सही करता येते, अंगठा घेऊ नये असं त्यांचं म्हणणं)

ठिकाण: पिंप्राळा, जळगाव
दिनांक: १४ नोव्हेंबर १९९९, रविवार

ता. क. वाल्मीकभाऊ सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं. शाळा अकराला भरते. उद्या सकाळी सातच्या धुळे गाडीने मी एकटा जात आहे.