कुठंय माझी बायको?

४ फेब्रुवारी
बाबांना सर्दी झालीय. तरी सकाळ झाली की हजर! बुटांचा बर्फ झटकायच्या आधीच हाक — "कुठंय माझी बायको?" मग माझ्या तान्ह्या लेकीच्या, नापाचीच्या गालाला नाक लावून हुंगत बसायचं; आमच्याकडचा मुका असाच. ती खिदळते. गेलेल्या आईचं नाव हिला दिलं, तेव्हापासून त्यांची बायको परत आलीय. माझी आईसुद्धा. मी तिला 'आई'च म्हणते. नवरा तर लंगोट बदलताना म्हणतो, "माफ करा हं, सासूबाई!"

६ फेब्रुवारी
नर्स बजावून गेली — गावातल्या तान्ह्या मुलांत छातीचा आजार पसरलाय. सर्दीवाल्यांना बाळापासून लांब ठेवा.
मी मान डोलावली. पण बाबांना काय सांगू? बायकोला भेटू नका म्हणून?

७ फेब्रुवारी
सांगितलं, भीतभीतच. "जन्मभर एका पांघरुणात झोपलो, तेव्हा काही झालं नाही तिला!" असं म्हणून हुंगलंच. मी अडवलं नाही.

१० फेब्रुवारी
खोकला. दूध ओढत नाही.

११ फेब्रुवारी
दवाखान्यात आहोत. श्वास घेताना तिच्या फासळ्यांखाली खड्डे पडतात. विमान बोलावलंय, पण हे वादळ! समोरचं घर दिसत नाही, धावपट्टी कुठली दिसायला! नर्स खिडकीशी जाते, परत येते. मीही जाते, परत येते. दुसरं करणार काय?
बाबा दाराशी बसलेत. जवळ येत नाहीत. "तिला म्हणावं, मागच्या खेपेला मला न विचारता गेलीस. या वेळी थांब."

१३ फेब्रुवारी
वादळ निवलं तेव्हा विमान आलं. बाळासोबत एकालाच जागा, म्हणून मी एकटी. दक्षिणेतलं मोठं इस्पितळ. आता मशीन तिच्यासाठी श्वास घेतंय. मी सारखी "आई, आई" करतेय. डॉक्टरांनी आमच्या इनुइट दुभाषी बाईला विचारलं, ही कुणाला बोलावतेय? ती म्हणाली, "आईला आणि लेकीला." बरोबर सांगितलं तिनं.

१६ फेब्रुवारी
गेली. माझी आई, दुसऱ्यांदा.

२ मार्च
बाबा आमच्याकडं येतच नाहीत. मीच गोठलेला मासा घेऊन गेले, त्यांच्या आवडीचा. हात लावला नाही. "हे नाक कापून टाकायला हवं," म्हणाले.
त्यांचा राग येतो. मग स्वतःचा. मग परत त्यांचा! आणि समोर बसले की नुसतं रडू येतं.
वहिनी बाळंतपणाला दक्षिणेत गेलीय. बाबा तिची चौकशीसुद्धा करत नाहीत.

१९ मार्च
वहिनी बाळ घेऊन आली. मुलगा! मला बाजूला घेऊन म्हणाली, "नापाची ठेवू का?" आमच्यात नावाला मुलगा-मुलगी नसतं. मी होकाराची मान हलवली.
बाबा दारातच उभे राहिले. सर्दी नाही, काही नाही, तरी नाकातोंडावर मफलर करकचून गुंडाळलेला. तिथूनच विचारलं, "आली का ती?"
"आली, बाबा. आत या ना."
"नको. इथूनच बघतो."