कोकॅनीचं काळीज

१२ जून
पोचलो एकदाचा. समोर अख्खं कॉल्डर रिम धरण, पलीकडचा काठ दिसतच नाही. शाळेत असल्यापासून ठरवलं होतं, एक सीझन तरी फिशिंग बोटीवर काढायचा. मॉमची एकच अट: सप्टेंबरात कॉलेज सुरू व्हायच्या आत घरी, पोकाटेलोला परत.

बॉस व्हर्न टॅगर्ट आणि त्याची बायको नोला. गिऱ्हाइकांना बोटीतून नेऊन कोकॅनी, म्हणजे गोड्या पाण्यातले छोटे सॅमन मासे, आणि ट्राउट पकडून द्यायचे, हा त्यांचा धंदा. जुना खलाशी हॅल. त्याने माझे हात बघून विचारलं, की पियानो शिकवायला आलायस का. आवडला मला. राहायला ओढ्याकाठची शेड दिलीय. मस्त आहे.

१४ जून
माझी पहिली कोकॅनी. लसणात मुरवलेला मक्याचा दाणा गळाला लावायचा आणि शिशाच्या गोळ्याने गळ खोल न्यायचा. ट्राउट दांडगी, कशीही ओढली तरी चालते. कोकॅनीचं तोंड कागदासारखं, जरा हिसका दिला की फाटून सुटते. मी अलगद आणली. नुसती चांदी.

इथला रिवाज असा, की नव्या माणसाने पहिल्या माशाचं काळीज खायचं. हॅलने चाकूच्या टोकावर धरलं, वाटाण्याएवढं, अजून उडत होतं. मी गिळलं आणि तोंड उघडून दाखवलं. वाटलं, टाळ्या पडतील. उलट हॅल म्हणाला, अरे येड्या, गालात धरून नंतर थुंकायचं असतं, आम्ही सगळे थुंकतो. व्हर्न नुसता बघत राहिला. मग म्हणाला, बघू.

२ जुलै
धमाल चाललीय. कोकॅनी कुठे आहेत ते मला आधीच कळतं. बोटीवरच्या मासे शोधायच्या स्क्रीनवर ठिपके यायच्या आत पोटात गार चमक येते, मी सांगतो, साठ फूट, डावीकडे. गळ सोडला की लागतातच. ट्राउटचं मात्र काही कळत नाही. व्हर्न गिऱ्हाइकांना म्हणाला, की आमचं हे मशीन फक्त सँडविचवर चालतं. खरं तर सँडविच मी हल्ली हॅललाच देतो. भूकच नसते.

२८ जुलै
आठवडाभर पोटात काही नाही. जबडा ठणकतो. पाठ लालभडक झालीय. नोला म्हणाली, ऊन लागलंय, मलम लाव. मी डॉक्टरकडे जायचं म्हटलं, तर व्हर्न म्हणाला, भर सीझनमध्ये लाड नकोत, लेका.

९ ऑगस्ट
आज व्हर्नने माझ्या कमरेला दोरी बांधून मला पाण्यात सोडलं. पाणी बर्फासारखं, पण मला बरं वाटलं, हेच वाईट. खालून कोकॅनींची सगळी झुंड वर आली, माझ्या पायांना घासत. गिऱ्हाइकं जाळ्याने उपसत होती. एका बाईने विचारलं, हा विकत मिळेल का. सगळे हसले. मीही हसायला गेलो. ओठ मिटत नाहीत आता.

संध्याकाळी हॅल काम सोडून गेला. जाता जाता सांगितलं, की सप्टेंबरात कोकॅनी लाल होतात, ओढा चढतात, अंडी घालतात आणि तिथेच कुजून मरतात. मागे एका पोराने असंच काळीज गिळलं होतं. तोही ओढा चढला. म्हणाला, त्याआधी पळ.

१० ऑगस्ट
पळालो. टेकडीमागे धरण दिसेनासं झालं आणि श्वासच बंद. व्हर्न पिकअप घेऊन आला. ओल्या पोत्यात गुंडाळून आणलं, अगदी जपून. शेडला बाहेरून कुलूप. आत पाण्याचा टब. फोन नोलाने घेतला.

३१ ऑगस्ट
रोज दोरी. रोज गिऱ्हाइकं. बोलता येत नाही, खालचा जबडा वर वळलाय. पाठीला कुबड. नोला पाणी बदलते, म्हणते, काय छान रंग चढलाय रे.

८ सप्टेंबर
मॉम आली. भिंतीपलीकडे तिचा आवाज. व्हर्न सांगत होता, पोरगं केव्हाच पळालं, बाई, न सांगता, हल्लीची पोरं अशीच. मी भिंतीवर डोकं आपटलं. तिने विचारलं, आत काय आहे. नोला म्हणाली, जिवंत मासे आहेत, उड्या मारतात.

नोलाने तिला मासे बांधून दिले. मॉम रडत थँक्यू म्हणाली. गाडी गेली.

१५ सप्टेंबर
ओढा लाल झालाय. सगळ्या कोकॅनी वर चालल्यात. दाराखालून वास येतो. गोड—

१६ सप्टेंबर
नोलाने दार उघडलं. कुलूप नाही, दोरी नाही. व्हर्न म्हणाला, जा बाबा, सीझन संपला. दोघं खुर्च्या टाकून बसलेत.

इकडे रस्ता. तिकडे ओढा.

रस्त्यावर गाडी— मॉम परत आलीय. उतरली. बघतेय. ओळखलं नाही मला—

ओळखलं. धावतेय.

मी फक्त थांबायचं. दार धरलंय एका हाताने. पाय ओढ्याकडे— मी नाही, पाय—

मॉम, लवकर, हात सुट—