माझ्या हातचा रस्सा

बाबा,

ताट उचलल्यावरच ही चिठ्ठी दिसन, म्हणजे तुमचं जेवण झालं असन. रस्सा शेजारच्या आशाकाकूनं पाठवला, हे मी खोटं सांगितलं. मासोळ्या मीच साफ केल्या, मीच रांधल्या.

आई गेल्यावर दोन वर्षं याच हातचं गोड लागे तुम्हाले. प्रार्थनेले जाऊ लागली तसं तुम्ही माझ्या हातचं खाणं सोडलं. मी बाटली काऊन? आईसाठी मी रातभर रडत होती, तवा तुम्ही कूस बदलून झोपत होते. प्रार्थनेत येशूपाशी रडली, आन् मन शांत झालं. आता झोप लागते मले. एवढंच झालं, बाबा.

सिंदेवाहीले प्रार्थनेले चालली. खोटं बोलल्याची माफी मागून येईन. तुम्हाले कोणाची मागायची आहे, ते तोवर आठवून ठेवा.

दामिनी