डाव्या सीटवरचे पाच

४ मार्च, सोमवार

पोहोचलो एकदाचा. कप्तानाने फाटकातच मिठी मारली आणि आत तोंड करून ओरडला की आई, आपला कानसेन आला बघ! बत्तीस वर्षांपूर्वी याच माणसाने माझ्या हातात पहिला पाना दिला. तेव्हा पायात चप्पल नव्हती. आज माझं स्वतःचं गॅरेज आहे आणि लोक मला फोनवर इंजिनाचा आवाज ऐकवून बिघाड विचारतात. त्याच्या शहरातल्या वर्कशॉपमध्ये मी अकरा वर्षं काढली. या घरात मात्र पाय पहिल्यांदाच टाकतोय. आईंच्या हातचा डबा तेव्हा रोज खाल्ला, आईंना आज पाहिलं. ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण आवाज खणखणीत. म्हणाल्या, आईविना पोर म्हणून तुझ्या डब्यात एक पोळी जास्त घालायचे, आठवते का? न आठवून कसं चालेल.

काम असं. कप्तानाच्या वडिलांनी आपल्या कारखान्यात शर्यतीची एक गाडी बांधली होती. तशी दुसरी कुणी बांधली नाही. ती आता संग्रहालयाला द्यायची आहे आणि त्यांना तिचा शर्यतींचा इतिहास हवा आहे, जाणकार मिस्त्रीने तपासलेला. कप्तान म्हणाला की तुझ्याइतका भरवशाचा मला दुसरा कोण आहे? छाती दोन इंच फुगली. खोटं कशाला लिहू.

५ मार्च, मंगळवार

आज शेड उघडली. काय देखणी गाडी! लांब नाक, हाताने ठोकलेला पत्रा, जांभळट काळा रंग. सीटा दोनच. उजवीकडे चालवणारा, डावीकडे ऐकणारा. त्या काळी शर्यतीत मिस्त्री शेजारी बसायचा, हातपंपाने तेलाचा दाब राखायचा आणि इंजिन ऐकायचा. मी चाळीस वर्षं आधी जन्मलो असतो तर तीच माझी जागा.

शर्यतींची वही सापडली. एकूण पाच शर्यती, पाचही कप्तानाने जिंकलेल्या. चालवणाऱ्याच्या रकान्यात प्रत्येक वेळी त्याचं नाव आहे. ऐकणाऱ्याचा रकाना पाचही ठिकाणी कोरा. कप्तानाला विचारलं तर म्हणाला की शाई उडाली, नावं आता कुणाला आठवतात? तू एकेका शर्यतीचा वृत्तांत तपासून लिही आणि त्या रकान्यात सही कर, म्हणजे मिस्त्रीने तपासल्याचा पुरावा होईल. मी म्हटलं, हे सांगायला नको. हाताखालून गेलेलं काम सही केल्याशिवाय मी सोडत नाही, हे सगळं गाव जाणतं.

एक गंमत. गाडी चाळीस वर्षं सुरू झालेली नाही, तरी बॉनेटखालून टकटक येते. तापलेला पत्रा निवताना करतो तशी, पण हा पत्रा तर बर्फासारखा गार. कान लावला. पाच वेगवेगळे ठोके, पाच जागांहून. प्रत्येक जण तीनदा वाजतो आणि थांबतो. उंदीर असावेत. शिस्तीचे उंदीर!

७ मार्च, गुरुवार

पहिली शर्यत लिहून झाली. वर्तमानपत्रांची कात्रणं, फोटो, वेळेच्या नोंदी, सगळं ताडून पाहिलं आणि सही ठोकली. संध्याकाळी शेडमध्ये गेलो तर ठोके चारच. सर्वांत जाड आवाजाचा गेला. कप्तानाला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. नक्की गेला का, असं दोनदा विचारलं.

९ मार्च, शनिवार

दुसरी आणि तिसरी लिहिली, दोन्हींवर सह्या केल्या. ठोके दोन उरले.

डावा गुडघा सकाळपासून गरम आहे, इंजिनाला टेकून बसल्यासारखा. नखांत काळं तेल दिसलं. दोन दिवस मी पान्याला हात लावलेला नाही. आईंनी जेवायला हाका मारल्या म्हणे, चार वेळा. मला एकही ऐकू आली नाही. मला! आई म्हणाल्या, वय झालं रे बाळा. पण बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

१२ मार्च, मंगळवार

चौथी झाली. एकच ठोका उरलाय, हलका, तरुण हाताचा. हे असं का लिहिलं कोण जाणे. ठोक्याला कुठे वय असतं? पण माझ्या कानांना ते कळतं.

पाचवीच्या नोंदीत एका मिनिटाचा घोळ आहे. त्या शर्यतींचा वेळ मोजणारा म्हातारा अजून गावात राहतो असं कळलं. उद्या त्याला गाठतो. कप्तान म्हणाला की त्याची गरज नाही, तू आपली सही कर. मी म्हटलं, तपासल्याशिवाय सही? मग माझ्यात आणि रबरी शिक्क्यात फरक काय?

१३ मार्च, बुधवार

सगळं एकदम लिहावंसं वाटतंय. तरी नीट क्रमाने लिहितो.

घड्याळवाल्या म्हाताऱ्याने मला दारात पाहिलं आणि पहिल्यांदा माझे कपडे न्याहाळले. मग म्हणाला, तू तरी आजचा दिसतोस. गेल्या आठवडाभरात त्याच्या दारी चार माणसं येऊन गेली. तीन वेगवेगळ्या दिवशी. शनिवारी दोन. जुन्या धाटणीचे तेलकट डांगरीवाले. सगळ्यांचा एकच प्रश्न, आपण जिंकलो का? त्याने चौघांनाही ओळखलं. ते ऐकणारे होते. चाळीस वर्षांत एकाचाही केस पिकला नव्हता.

म्हणाला, प्रत्येक शर्यतीनंतर गाडी परत यायची तेव्हा डावी सीट रिकामी असायची. पट्टा मात्र लावलेलाच. वहीतली सही पुसलेली. कप्तान सांगायचा की वाटेत उडी मारून पळाला. दोनदा लोकांनी ऐकून घेतलं, मग कुणी विचारेनासं झालं. जिंकणाऱ्याला कोण विचारतो?

मी ठोक्यांचं सांगितलं. त्याने टेबलावर बोट वाजवलं. एक म्हणजे तेल कमी. दोन म्हणजे मागून गाडी येतेय. तीन म्हणजे थांब. इंजिनाच्या गोंगाटात बोलता येत नाही, म्हणून ऐकणारा चालवणाऱ्याच्या गुडघ्यावर असे ठोके द्यायचा. पाचही जणांनी त्याला थांब सांगितलं असणार, पण तो कधी थांबला नाही.

आणि आठवडाभर ते मला सांगत होते. मी त्यांना उंदीर म्हणालो.

निघताना विचारलं की पाचवा कोण होता. म्हातारा म्हणाला, तुला सांगितलं नाही? त्याचाच धाकटा भाऊ. एकवीस वर्षांचा.

धाकटा परदेशात असतो, हे मी बत्तीस वर्षं ऐकत आलोय.

१४ मार्च, गुरुवार

भिंतीपलीकडचं ऐकलं. एवढे कान अजून शाबूत आहेत. आई विचारत होत्या की किती राहिले. कप्तान म्हणाला, एकच, आपला. आईंनी विचारलं, करेल ना रे सही? तो म्हणाला, करेल गं, सहीशिवाय त्याला चैन पडत नाही, म्हणून तर त्याला बोलावलं. मग आई म्हणाल्या की त्याचं वाईट वाटतं. आणि जरा थांबून म्हणाल्या, पण त्याच्यामागे रडणारं तरी कोण आहे?

एक पोळी जास्त घालणारी बाई.

सरळ जाऊन विचारलं. कप्तान नाकबूल झाला नाही. माझे पाय धरले. म्हणाला, चाळीस वर्षं शेडमधून त्याचा ठोका ऐकतोय, तू एकच दिवस ऐकून बघ. म्हणाला, तू मला भावासारखा आहेस. भावासारखा. सारखा! केसाने गळा कापणं म्हणतात ते हे.

बॅग उचलली आणि निघालो. फाटकाबाहेर रस्ता भरून वाहत होता, पण मला एकही हॉर्न ऐकू आला नाही. फक्त इंजिन. चार सिलिंडर चालू, पाचवा बंद. वीस पावलं चाललो असेन —

शुद्धीवर आलो तेव्हा शेडमध्ये होतो. डाव्या सीटवर. पट्टा लावलेला.

१५ मार्च, सकाळ

पुन्हा निघून पाहिलं. पुन्हा सीट. चार सह्यांनी चार भाग मला धरलंय, पाचवा माझा आहे. तो द्यायचा नाही.

पण मी काही कालचा पोरगा नाही. शून्यातून गॅरेज उभं केलंय, मला बनवणं एवढं सोपं नाही. वही हवी ना त्यांना? भरतो. पाचव्या शर्यतीत ऐकणारा कोण? कप्तान. त्याचंच पूर्ण नाव ठळक अक्षरात लिहितो. भाऊ हवाय तर भावाने जावं त्याच्या जागी. हिशेबाला सोपं.

धाकटा जोरात वाजतोय. तीन. तीन. तीन. अरे, तुलाच सोडवतोय ना —

लिहिलं. कप्तानाचं नाव. वाळू दिलं, वही मिटली. सुटलो.

१५ मार्च, दुपार

ठोका थांबला.

वही उघडून पाहिली. नाव त्याचंच आहे. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, तपासलं, आणि माझी सही. मला आठवतही नाही कधी केली. बत्तीस वर्षांत हात असा वळलाय की —

गुडघा पेटलाय. पट्टा सुटत नाही. पेन्सिल आहे तोवर

शेडचं दार उघडं आहे. अंगणात एक मुलगा उभा, एकवीसचा, डांगरी. डोळे चोळतोय. आई धावतायत. या वयात धावतायत. त्याला कुरवाळतायत

तो माझ्याकडे बोट दाखवतोय. कप्तानाला सांगतोय, ओठ दिसतात, शब्द ऐकू येत नाहीत. त्याचा हात ओढतोय, शेडकडे. त्याला मला सोडवायचंय. पोरगा चांगला आहे

कप्तानाने त्याच्या खांद्यावर हात टाकला. त्याला घराकडे वळवलं.

हाक मारतोय. माझा आवाज माझ्याच कानाला — नुसतं इंजिन —

बॉनेटवर हात मारतोय. तीन. पुन्हा तीन. कप्तानाला ऐकू जातंय. नक्की जातंय, त्याची मान आखडली. पायरीवर थबकला. कप्ताना, अरे एकदा, एकदाच मागे वळून बघ, मी तुझा