परेशच्या जागी

३ जुलै
आजपासून मी बँडची गायिका! उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियातली एक शेड, बाहेर उन्हाची भट्टी पेटलेली, आत एसी आणि तीन दाढीवाले. आमचं डूम मेटल म्हणजे गोगलगायीच्या चालीचं, छातीत घुमणारं संगीत. म्होरक्या योहान फॅरो बेटांवरचा, जुना खलाशी. गाणी त्याच्याच भाषेतली, सगळी बुडालेल्या होड्यांची. मला आणलं परेशने. दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसच्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसतो. आधी इथे तोच गायचा, आता घसा गेलाय म्हणतो. माझ्या आवाजाची कदर करणारा पहिलाच माणूस.

१० जुलै
शब्द देवनागरीत उतरवून पाठ केले. अर्थ विचारला नाही. लहानपणी रामरक्षा तरी कुठे अर्थ विचारून पाठ केली होती? गाताना सगळ्यांनी हात धरून गोल करायचा, पाय आपटायचे आणि गाणं संपेपर्यंत हात सोडायचा नाही, ही योहानच्या बेटावरची रीत. मजा आली.

१८ जुलै
भर दुपारी सराव. गाताना उजव्या हातातला हात गार पडत गेला. मला वाटलं, ड्रमर फहद. डोळे उघडले तर फहद पार पलीकडे. माझ्या तळव्यावर मीठ. कोपऱ्यात बसलेला परेश म्हणाला, एसीचा गारवा. माझ्याकडे बघितलं मात्र नाही.

२२ जुलै
लिफ्टपासून माझ्या दारापर्यंत गालिचा ओला. वॉचमन म्हणतो पाइप फुटला. पाण्याला शेवाळाचा वास.

२५ जुलै
फहदने सांगितलं. परेशने मला कल्पना दिली असेल, असं समजत होता बिचारा. त्या गाण्यांतला बुडालेला खलाशी एखाद्याला हेरतो, मग सोडत नाही. गोलात उभं राहून दुसऱ्या कुणी स्वतःच्या तोंडाने म्हटलं, "याला सोड, मी येते," तरच सुटका. त्याने हेरलं होतं परेशला. आणि मी ते रोज म्हणत होते, सुरात.
परेशला फोन केला. त्याचा घसा ठणठणीत.
"सॉरी यार, इशिता. मला रेयांश आहे. तुझ्यामागे कोण आहे?"
मुलाचं नाव घेऊन विकलं मला. मित्र म्हणे!

२७ जुलै
आमची इंटर्न इरा छान गाते. तिला फोन लावला, माझ्या जागी गाशील का विचारलं. अर्थ न विचारता लगेच हो म्हणाली— मलाच पुढे बोलवेना. नको म्हटलं. ठेवला.

दुपार
दारावर परेश. रडतोय. चुकलो म्हणतोय, उघड म्हणतोय. माणूसच आहे, वाटलं असेल वाईट— उघडते—
मोबाइल वाजतोय. स्क्रीनवर परेशचं नाव. मग दारात हा—