शुक्रवारची शिट्टी

प्रिय रबाब,

खुशाली नंतर विचारीन. फुल्ला जेवत नाही. फोनवर आम्ही सगळे 'मजेत आहे' म्हणतो, ते खोटं. परदेशी गेलेल्या माणसाला वाईट कळवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. माझा बाप गेला तेव्हा भावाला लिबियात कुणी कळवलं नाही. सुट्टीला आला तो बापासाठी नवी चप्पल घेऊन. मला ती रीत कधी पटली नाही, तरी मीही तेच केलं.

तिचा जोडीदार मन्सूर मेला तेव्हापासून फुल्ला हौदात एकटी. तू होतीस तोवर निभावलं. तू कुवेतला नांदायला गेलीस त्यात तुझं काही चुकलं नाही, बाईनं काय डॉल्फिनशी संसार करायचा? पण तिनं अन्न टाकलं. मासे मी अजून तसेच करते, बर्फातले, कल्ल्यात जीवनसत्त्वाची गोळी दाबून. तुझ्या जागी आलेला उसामा बिचारा छातीभर पाण्यात उभा राहून तिच्या तोंडाशी नेतो. ती घेते आणि तळाशी नेऊन सोडते. मग मी जाळीनं वेचत बसते. तिला पाणी मिळतं ते माशातूनच; मासा पोटात नाही म्हणजे पाणीही नाही, म्हणून चौघं तिला धरतात आणि डॉक्टरीणबाई नळीनं पाणी सोडतात. आधी झटापट करायची. आता करत नाही. इतकी वाळलीय की डोक्यामागे खळगा पडलाय. भिंतीपलीकडे समुद्र आहे, पण हौदात जन्मलेलीला त्याचं काय?

आणि तुझा शुक्रवार. नमाज झाली की फोन येतो, "खाला, पाण्याजवळ धर ना, तिला माझी शिट्टी ऐकू दे." मी धरते. पहिल्यांदा ती अशी सुसाट आली की उसामा रडायलाच लागला. मी म्हटलं, "नाक पूस आणि बादली आण." वाटलं, जिंकलो. तिनं तोंड उघडलं, उसामानं मासा दिला, तिनं टाकून दिला. शिट्टी वाजली म्हणजे तुझा हात येणार, एवढंच तिला ठाऊक. तू फोन ठेवतेस, बाळाला घेतेस. ती तुझ्या पायरीपाशी तोंड वर काढून थांबते, शनिवारी, रविवारी, ऊन डोक्यावर आलं तरी. पाठ सोलून निघालीय. ओली चादर टाकते मी, ती हलत नाही. जरा विसरते, एखादा मासा गिळते, तेवढ्यात पुन्हा शुक्रवार.

येते म्हणू नकोस. तुला नवरा सोडणार नाही, आणि चार दिवस येऊन परत गेलीस तर ते याहून वाईट.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तू रडली असतीस आणि मी पुन्हा तो पाण्याजवळ धरला असता. म्हणून लिहिते. या शुक्रवारी फोन करू नकोस. पुढच्याही नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, तेवढ्यानं ती वाचेल असं नाही. मलाही वाटत नाही. पण मरताना तरी ती कुणाची वाट बघत नसावी.

रागावलीस तरी तुझीच,
तहिय्या खाला