तेरच्या पायरीवरचा धडा

॥ श्री महादेव प्रसन्न ॥

धाराशिव, ता. ७ जानेवारी १९४५

ती. रा. शिवलिंगअण्णांस धाकट्या बहिणीचे, महानंदाचे, शि. सा. शरणार्थ वि. वि.

पत्र पोचलं. वहिनीची कंबर आता बरी आहे हे वाचून जिवात जीव आला. तुमची जगदेवी माझ्याकडं मजेत आहे. तेरा पुरी झाली, पण बोलणं पोक्त बाईचं. परवा मला म्हणाली, की आत्या, तुमच्या भाकरीपेक्षा तुमचा भूगोल बरा.

पत्राचं कारण असं. येत्या १९ तारखेला, शुक्रवारच्या सुटीत, शाळेच्या चौदा मुलींना दिवसभरासाठी तेरला न्यायचं ठरवलंय. तेरणेकाठची ती केवढी जुनी पेठ, तिथलं कापड गाड्यांनी थेट समुद्रापर्यंत जायचं, हे मुली पुस्तकातून घोकतात. पण बारा मैलांवरचं ते गाव एकीनंही पाहिलेलं नाही. हल्ली निजाम सरकारात चार माणसं जमवायची तरी परवाना लागतो. जगदेवीच्या मैत्रिणीचे, फरिदाबीचे वडील लालमहंमद चाचा यांनी उर्दूत अर्ज लिहून दिला. मी कचेरीत तीन खेटे घातले आणि काल 'सैर', म्हणजे नुसता फेरफटका, असा शेरा मारलेला कागद हातात पडला!

जगदेवीला न्यायला तुमची हरकत नसावी. वहिनीस शरणार्थ. लोभ आहेच, तो रागावतानाही राहू द्यावा, ही विनंती.

आपली,
महानंदा

भूम, ता. १४ जानेवारी १९४५

चि. महानंदास अनेक आशीर्वाद.

संक्रांतीचा तिळगूळ गाडीवाल्याबरोबर धाडलाय. आज गोड बोलावं, पण मला गोड लिहिता येत न्हाय. जगदेवीला तेरला नेऊ नकोस. लातूरचे महांतप्पा अडते आपल्या मुलासाठी तिला बघायला यायचे हायेत. घर लई मोठं. पोरगी गाडीत बसून परगावी हिंडते हे त्यांच्या कानावर गेलं, तर दारातूनच माघारी फिरतील. यंदाची परीक्षा झाली की मी तिला न्यायलाच येतो. शाळा पुरे झाली.

आणि तेरात बघायचं काय? तीस वर्षं लातूरला माल नेतोय. त्या नदीवर कितींदा बैल सोडले. मातीच्या टेकाडांशिवाय मला तर काही दिसलं न्हाय.

तुला शिकवलं तवा भाऊबंदांचं काय काय ऐकून घेतलं, ते माझं मला ठाऊक. पुन्हा तेवढं बळ माझ्यात न्हाय. तू समजदार हायेस. जास्त लिहिवत न्हाय. तुझ्या बऱ्याचीच काळजी करणारा,

शिवलिंग

धाराशिव, ता. २० जानेवारी १९४५

ती. रा. अण्णांस शि. सा. शरणार्थ वि. वि.

तुमचं पत्र गुरुवारी संध्याकाळी मिळालं. लपवलं नाही, जगदेवीला वाचून दाखवलं. ती रडली नाही. म्हणाली, की अप्पा नको म्हणत असतील तर मी राहते, फक्त तेरवरचं माझं टिपण तिथं कुणीतरी वाचा. चार पानं लिहून काढली होती पोरीनं. ती वाचली आणि तिला न्यायचं मी ठरवलं. तुमचा शब्द मी मोडला. रागवायचं ते माझ्यावर रागवा.

पहाटे निघून आठाच्या सुमारास तेरला पोचलो. नदीकाठच्या देवळाच्या पायऱ्यांवर मुली बसल्या आणि जगदेवी सांगू लागली. बघता बघता गावातली पन्नासेक माणसं जमली. बायासुद्धा आल्या. सिद्धम्मा नावाच्या एका म्हातारीनं पदराखालून जुनी वीट काढली आणि ही पाण्यात सोडून बघ म्हणाली. जगदेवी परकर सावरत पाण्यात उतरली, वीट सोडली, आणि अण्णा, ती वीट लाकडासारखी तरंगली! आमच्या मुली किंचाळल्याच.

एवढ्यात पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब दोन जवान घेऊन आले. गर्दी मागं सरली. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, की परवाना सैरीचा आहे, तकरीर करायचा नाही. भाषण झालंय, तेव्हा बाईंनी ठाण्यावर चलावं. नोकरी गेली, शाळेला कुलूप लागलं, एवढंच डोळ्यांपुढं आलं. तोच ओल्या परकरानं जगदेवी पुढं झाली आणि स्वच्छ उर्दूत म्हणाली, की जनाब, ही तकरीर नाही, सबक आहे, धडा आहे. तकरीर नुसती ऐकायची असते, सबकात सवाल विचारता येतो. तुम्ही विचारून बघा.

अमीनसाहेबांनी खरंच विचारलं, की इथून कापड जायचं, तर इकडं यायचं काय? ती म्हणाली, की परदेशी नाणी यायची, लांब मानेचे रांजण यायचे, आणि नदीकाठच्या शेतांत आजही नांगराला त्यांचे तुकडे लागतात. अमीनसाहेब टोपी काढून पायरीवर टेकले ते पाऊण तास उठले नाहीत. जाताना कागदावर लिहून गेले, की सबक ऐकला, पसंत पडला.

शिक्षा सांगाल ती भोगीन. आजवरच्या मायेला उणं पडू देऊ नये.

आपली,
महानंदा

भूम, ता. २८ जानेवारी १९४५

चि. महानंदास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच गुरुवारी तेरचा बलभीम दुकानात आला आणि चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, की अमीनसाहेबाला पायरीवर बसवणारी पोरगी तुमचीच का? मी व्हय म्हणालो. सगळी हकीकत त्यानं दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा मीच सांगायला लावली. पहिल्यांदा तुझा राग आला होता, खोटं कशाला लिहू. पण तो राग दुकान बंद करेपर्यंतसुद्धा टिकला न्हाय.

परवा महांतप्पा अडते आले. त्यांच्याबी कानावर गेलं होतं. पोरगी हुशार हाय, तर आता लगेच उरकून टाकू म्हणाले. मी म्हणालो, की मॅट्रिक होईस्तोवर तिचं लग्न करायचं न्हाय. थांबायचं तर थांबा. ते उठून गेले. माझ्या तोंडून असं निघालं कसं, याचं मलाच नवल वाटलं. आत तुझ्या वहिनीनं मात्र त्या दुपारी शेवयाची खीर केली.

जगदेवीला घेऊन जायला मी येणार न्हाय. तिच्या मागं तेर बघायला येणार हाय. पुढच्या शुक्रवारी दोन गाड्या जुंपतो. वहिनी आणि गल्लीतल्या सहा बाया बसतील. तीस वर्षं ज्या गावाकडं मी पाठ करून बसलो, ते तिनं मला पहिल्यापासून सांगावं. बायांच्या मागं, शेवटच्या पायरीवर, माझ्यापुरती जागा धरून ठेवा. एवढा लोभ असावा.

तुझा,
शिवलिंगअण्णा